‘वजन कमी करा’ या वाक्याला शिक्षण म्हणू नका

आपल्या मोहल्ल्यात ज्याला शुगर आहे त्याला एक वाक्य पाठ असतं, ‘वजन कमी करा’. डॉक्टर म्हणतात, सिस्टर म्हणतात, लॅबवाला म्हणतो, आता तर किराणा दुकानदारही साखर मोजून देताना म्हणतो. या वाक्याला सरकारी पत्रकात ‘आरोग्य शिक्षण’ म्हणतात आणि खासगी दवाखान्याच्या फलकावर ‘डाएट कौन्सिलिंग’. माझा आक्षेप या नावांनाच आहे. मी वीस वर्षांपासून मराठवाड्यातल्या एका उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. आजारातलं मला डॉक्टरांइतकं कळत नाही, पण शिक्षण कशाला म्हणतात एवढं नक्की कळतं. हे शिक्षण नाही.

बी.एड.ला असताना पहिल्याच महिन्यात आमच्याकडून पाठ टाचण लिहून घेतलं जायचं. विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान काय, आजच्या पाठाचं उद्दिष्ट काय, साधनं कोणती, आणि शेवटी त्याला कळलं की नाही हे कसं तपासणार. या चार रकान्यांतला एक जरी कोरा राहिला तरी वही परत यायची. मूल मागे पडलं तर त्याच्यासाठी उपचारात्मक अध्यापन करायचं, त्याला ‘ढ’ म्हणून सोडून द्यायचं नाही, हेही तिथेच शिकवलं. बारा वर्षांच्या मुलाला ‘आम्ल’ आणि ‘अल्कली’ शिकवताना एवढी काळजी घ्यायची. मग पंचावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, शुगर वाढलेल्या बाईला रोजचं जेवण बदलायला सांगताना दोन मिनिटं आणि एक छापील कागद पुरतो, हे कोणी ठरवलं?

कागदावरचा आहार

आमच्या नात्यातल्या एका खाला आहेत. वजन शहाऐंशी किलो, शुगर नऊ वर्षांपासून. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दवाखान्यात त्यांना आहाराचा तक्ता मिळाला. तक्ता इंग्रजीत. खाला उर्दू सातवी शिकलेल्या. त्यांनी तो मला वाचायला दिला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस, संध्याकाळी स्प्राउट्स, रात्री ब्रोकोलीचं सूप. खालांनी विचारलं, “बेटी, ये ब्रोकली क्या रहती गे?”

त्या तक्त्यात खिचडी-खट्टा नव्हता. बगारा खाना आणि दालचा नव्हता. ज्वारीची भाकरी नव्हती, जी आपल्या भागात हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या घरात होते. दिवसातून चार-पाच वेळा येणारा साखरेचा चहा आणि त्यात बुडवायची खारी नव्हती. अकरा माणसांच्या घरात एकाच देगचीत शिजतं आणि सून ते वाढते, याचा पत्ता नव्हता. ‘एक कप भात’ लिहिलं होतं, पण कप कोणता, चहाचा की दुधाचा, हे नव्हतं. म्हणजे पूर्वज्ञानाचा रकाना कोरा, साधनांचा कोरा, मूल्यमापनाचा कोरा. उद्दिष्टाच्या रकान्यात एकच शब्द, ‘१२०० कॅलरी’.

तीन महिन्यांनी खाला पुन्हा गेल्या. वजन तेवढंच. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही लोक ऐकतच नाही.” वर्गातल्या एकाही मुलाला न कळणारा धडा शिकवून मी सगळ्यांना नापास केलं, तर मुख्याध्यापक मला बोलावतील. इथे मात्र शिकवणारा कधीच नापास होत नाही.

खरा वर्ग कसा असतो

‘लोक ऐकत नाहीत’ हे विधान कितपत खरं आहे, हे तपासून झालेलं आहे. अमेरिकेत ‘लुक अहेड’ नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात वजन जास्त असलेले आणि टाइप २ डायबेटिस असलेले ५१४५ स्त्री-पुरुष होते. त्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षातून तीन वेळा एकत्र बसवून आहार-व्यायामाची माहिती दिली. दुसऱ्या गटाला पहिले सहा महिने दर आठवड्याला बोलावलं, तीनदा गटात आणि एकदा एकेकट्याला, आणि त्यानंतरही भेटी चालू ठेवल्या. वर्षाच्या शेवटी पहिल्या गटाचं वजन सरासरी ०.७ टक्के उतरलं, दुसऱ्याचं ८.६ टक्के. शंभर किलोच्या माणसाच्या भाषेत सांगायचं तर एकीकडे पाऊण किलोपेक्षाही कमी, दुसरीकडे साडेआठ किलोंहून जास्त. आणि लक्षात घ्या, पहिल्या गटाला जे मिळालं तेही आपल्याकडच्या पेशंटला मिळत नाही.

डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या ३२३४ लोकांवर अमेरिकेतच झालेल्या दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तिथे पहिल्या चोवीस आठवड्यांत सोळा पाठ होते. उद्दिष्ट दोनच, वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं किंवा तेवढा व्यायाम. डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं.

त्याच वर्षी डायबेटिसच्या रुग्णशिक्षणावरच्या ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शिकवणारा आणि शिकणारा यांनी एकत्र घालवलेला वेळ जितका जास्त, तितका परिणाम जास्त, असं त्यात दिसलं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आकडा रिपोर्टवर ‘एचबीएवनसी’ म्हणून येतो, तो एक टक्क्याने खाली यायला साधारण २३.६ तासांचा सहवास लागला. आमच्या चाळीस मिनिटांच्या तासिकेत मोजलं तर पस्तीस तासिका. शाळेत एखादा विषय आठवड्याला पाच तासिका असेल तर सात आठवडे. आणि शिकवणी थांबली की परिणाम ओसरू लागतो, हेही त्याच आढाव्याने सांगितलं. कोणत्याही शिक्षकाला यात नवल वाटणार नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पाढे विसरतातच.

ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या प्रयोगाबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच फिरतं, पण अर्धवट. तिथे डायबेटिस होऊन सहा वर्षांहून कमी झालेले आणि इन्सुलिनवर नसलेले लोक निवडले होते. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरीचा मोजका द्रव आहार दिला आणि नंतर पायरीपायरीने नेहमीच्या जेवणावर आणलं. हे सगळं त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातल्या प्रशिक्षित नर्स आणि आहारतज्ज्ञांनी केलं. वर्षभरात ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली आले. नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत हे प्रमाण ४ टक्के होतं. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात ते ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ टक्के झाले. ही घटसुद्धा सांगितली पाहिजे, कारण ती लपवणाऱ्यांचा धंदा मोठा आहे. त्यांच्याकडे मी येतेच.

कोणी म्हणेल, हे गोऱ्यांचं झालं, आपल्या खाण्यापिण्यात ते कसं बसणार? तर कतारमध्ये मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या लोकांवर असाच प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. वय १८ ते ५०, डायबेटिस तीन वर्षांच्या आतला. वर्षभरात शिकवलेल्या गटाचं वजन सुमारे १२ किलो उतरलं, दुसऱ्याचं ४ किलो. ६१ टक्के लोकांचा डायबेटिस मागे हटला, दुसऱ्या गटात १२ टक्के. कतारच्या दावतीत भात आणि गोश्त आपल्यापेक्षा कमी असतो असं कोणी म्हणणार नाही.

रमजानचा धडा

आपल्या डॉक्टरांचं आणखी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘रोजे ठेवू नका’. आजारी माणसाला रोजातून सवलत आहे, ती कुरआननेच दिली आहे, यात वाद नाही. पण २००१ मध्ये तेरा देशांतल्या बारा हजारांहून अधिक डायबेटिक मुसलमानांची पाहणी झाली. तिच्यात टाइप २ असलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी किमान पंधरा रोजे ठेवले होते. लोक रोजे ठेवतात. ‘ठेवू नका’ म्हणून फाईल बंद करणारा डॉक्टर हे वास्तव नाकारतो. मग पेशंट त्याला न सांगता रोजे ठेवतो, गोळ्यांच्या वेळा स्वतःच बदलतो, आणि दुपारी चार वाजता घामाघूम होऊन पडतो.

लंडनमध्ये दुसरा रस्ता धरला गेला. रमजानआधी काही डायबेटिक मुसलमानांचा वर्ग घेतला. सहरीत काय खावं, इफ्तारला किती खावं, हालचाल किती ठेवावी, साखर कधी तपासावी, रोजा कधी सोडून द्यावा. २०१० मध्ये त्याचे आकडे आले. १११ लोक होते. शिकलेल्या गटाचं वजन रमजानमध्ये सरासरी ०.७ किलो उतरलं, न शिकलेल्यांचं ०.६ किलो वाढलं. साखर अचानक उतरण्याचे प्रसंग शिकलेल्या गटात नऊवरून पाचवर आले. न शिकलेल्या गटात ते नऊवरून छत्तीसवर गेले.

रोजे तेच, इफ्तारही तेच. मध्ये एक वर्ग होता. हाच वर्ग आपल्या प्रत्येक शहरात शाबान महिन्यात भरायला हवा. तो भरत नाही, याची शरम आरोग्य खात्याला जेवढी वाटायला हवी तेवढीच आपल्यालाही वाटायला हवी.

आता घरचा हिशेब

सरकारकडे बोट दाखवून मोकळं होणं सोपं आहे. आपल्या दस्तरखानकडे बघू. वलीम्यात दोन प्रकारचा भात, नान-कलिया, वर डबल का मीठा आणि कोल्ड्रिंक नसेल तर नाक कापलं जातं. पाहुण्याने नको म्हटलं की ‘हमारे घर का खाना पसंद नहीं आया क्या’ असं विचारून त्याच्या ताटात आणखी वाढतात. इफ्तार पार्टीत तळलेल्या पदार्थांचे ढीग आणि सरबतांच्या बादल्या. खाण्यापिण्यात अतिरेक नको ही कुरआनची ताकीद आणि पोटाचा एक हिस्सा रिकामा ठेवण्याची हदीस आपल्या मुलांना मकतबमध्ये शिकवली जाते. दावतीच्या मांडवात ती कोणाला आठवत नाही.

बायकांचं तर विचारूच नका. पहाटे सहरी त्याच करणार, संध्याकाळी इफ्तार त्याच करणार, उरलंसुरलं त्याच खाणार. चालायला निघाल्या तर ‘आता या वयात कुठे?’ नवऱ्याला शुगर असेल तर घरात वेगळी भाजी होते. बायकोला असेल तर ती सगळ्यांचंच खाते. माझ्या शाळेतल्या पालकसभेला येणाऱ्या कित्येक आयांना शुगर आहे. घरातल्या कोणी त्यांना ‘चल, मी येतो सोबत’ म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. शुगर झाली की ‘तकदीर’, पाय काळा पडला की ‘अल्लाह की मर्जी’. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मुलगा दहावीच्या आधीच गॅरेजवर जायला लागला. त्या घरात तकदीर खूप नंतर आली. आधी बरीच वर्षं कोणीही काहीही न शिकवण्याची होती.

आणि आपले पुढारी, कमिट्यांचे सदर, जलशांचे आयोजक? त्यांना प्रत्येक विषयावर बोलता येतं, पण मोहल्ल्यातल्या आजारावर जुमाच्या दिवशी पाच मिनिटं काढता येत नाहीत.

काही आक्षेप

शाळेबाहेरचे मित्र कधीकधी थट्टेत म्हणतात, तुमच्यात बिर्याणी-गोश्त फार, म्हणून शुगर. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस आहे, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. हा कोणा एका जमातीचा आजार नाही. भारतीय माणसाच्या रोजच्या कॅलरीतला साठ टक्क्यांहून अधिक वाटा भात, गहू, साखर यांसारख्या कर्बोदकांतून येतो. वरणभाताच्या ताटातही आणि बगाऱ्याच्या ताटातही.

दुसरा आक्षेप, ‘मी तर जाडा नाही’. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. उंची-वजनाचं गुणोत्तर म्हणजे बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर. आशाताई घरी येऊन हीच कंबर मोजतात आणि फॉर्ममध्ये गुण भरतात. मोजमाप चोख आहे. मोजल्यानंतर जायला वर्ग नाही. प्रवेश परीक्षा घ्यायची आणि शाळा बांधायचीच नाही, असा हा प्रकार.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. वजन पुन्हा वाढतं, मग एवढा खटाटोप कशाला? खरं आहे. ‘लुक अहेड’मध्ये शेवटी ८.६ टक्क्यांचे ६ टक्के उरले, आणि हार्ट अटॅकसारख्या घटना दोन्ही गटांत सारख्याच झाल्याने २०१२ मध्ये तो प्रयोग थांबवला गेला. पण त्या लोकांना साखर आणि ब्लड प्रेशरच्या गोळ्या कमी लागल्या, किडनीचे गंभीर त्रास कमी झाले. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर अभ्यास केला, तो २००६ चा. आहार आणि व्यायामाच्या मार्गदर्शनाने डायबेटिस होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजनात फारसा फरक न पडता. म्हणून वजनकाट्यावर उभं करून बाईला लाजवणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. काटा हलला नाही तरी बदललेल्या सवयी आत काम करत असतात.

रिकाम्या जागेत दुकान

शिकवणारं कोणी नसलं की शिकवणीचे क्लास निघतात. ‘नव्वद दिवसांत डायबेटिस रिव्हर्स’, फी पंधरा हजार, वीस हजार. जाहिरातीत यशस्वी झालेल्यांचे चेहरे, दोन वर्षांनंतरचा आकडा कुठेच नाही. कोणाला जमेल, कोणाला जमणार नाही, डायबेटिस किती वर्षांचा आहे, हे विचारणं नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम खाणं कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाते. डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा लागतो, हे सांगणंही नाही.

याच महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची व्याख्याने गावोगाव गेली. त्यांच्या आहारपद्धतीवर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही. पण लोक हजारोंनी का बसले, हे आरोग्य खात्याने पाहावं. भाषा मराठी होती, पैसे लागत नव्हते, नियम लक्षात राहण्याजोगे होते. लोकांना शिकायचं असतं, हे त्या गर्दीने सिद्ध केलं. उर्दूत किंवा आपल्या दखनी बोलीत असं बोलणारं कोणी आपल्या मोहल्ल्यात आलं नाही.

मागणी साधी आहे

शहरी आरोग्य केंद्रात वीस-वीस जणांची तुकडी. सोळा आठवडे, दर आठवड्याला एक तास, त्यानंतर वर्षभर महिन्यातून एकदा. भाषा मोहल्ल्याची. साधनं म्हणजे घरातलंच ताट, वाटी आणि डाव. भात किती डाव, तेल महिन्याला किती लिटर, चहा किती कप, हे करून दाखवायचं. सून आणि नवरा यांना किमान चार पाठांना बसवायचं, कारण वाढणारा हात शिकल्याशिवाय खाणारा हात शिकत नाही. हजेरीपत्रक ठेवायचं. दर महिन्याला कंबर, दर तीन महिन्यांनी साखर. जो मागे पडेल त्याला रागवायचं नाही, त्याच्यासाठी उपचारात्मक अध्यापन. गोळ्यांचा डोस डॉक्टर बघतील. शिकवायला डी.एड., बी.एड. करून घरी बसलेल्या आपल्या मुली आहेत. त्यांना प्रशिक्षण द्या, मानधन द्या.

जागेचं कारण सांगू नका. शादीखाने वर्षातले कित्येक दिवस कुलूपबंद असतात. उर्दू शाळांची मैदानं संध्याकाळी पाच ते सात बायकांना चालायला उघडी करता येतात. आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीपुढे मी तसा अर्ज दिला आहे. मस्जिदच्या कमिट्यांनी शाबानच्या पहिल्या जुम्याला रमजान वर्गाचा ऐलान करावा आणि एका इफ्तार पार्टीच्या खर्चात दोन ग्लुकोमीटर घ्यावेत.

आणि डॉक्टरसाहेब, तोवर तुम्ही एवढं करा. पुढच्या पेशंटला ‘वजन कमी करा’ म्हणण्याआधी विचारा, “काल रात्री घरात काय शिजलं होतं?” पहिला पाठ तिथूनच सुरू होतो.